बोटीवरील जीपीएस स्पीडोमीटरचा काटा वारंवार शून्यावर येत असल्यास दोष कसा शोधावा

बोट धक्क्याला बांधलेली असताना स्पीडोमीटर व्यवस्थित सुरू होतो, उपग्रह मिळाल्याची खूण दाखवतो, जवळच्या छोट्या फेरीत वेगही बरोबर सांगतो. आणि मग लांबच्या फेरीत, बोट पूर्ण वेगात असताना, काटा काहीही कारण न दिसता शून्यावर येऊन टेकतो. मिनिटा-दोन मिनिटांनी तो आपणहून पुन्हा वर चढतो आणि काहीच घडले नसल्यासारखा चालू लागतो. दोन दिवस सगळे सुरळीत असते आणि तिसऱ्या दिवशी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. जीपीएस स्पीडोमीटरविषयीच्या तक्रारींमध्ये ही तक्रार सर्वांत चिवट म्हणावी लागेल, कारण दोष शोधायला बसावे तेव्हा तो समोर नसतो. त्यामुळे बहुतेक जण कंटाळून आधी अँटेना बदलतात आणि नंतर अख्खा मीटरच नवीन घेतात. माझा अनुभव असा आहे की अशा प्रकारे काढून टाकलेल्या मीटरांपैकी बरेचसे निर्दोष असतात. दोष त्यांना मिळणाऱ्या विजेत असतो, अँटेनाच्या आसपास असतो, किंवा, जसे माझ्या बोटीवर झाले, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी असतो.

शून्यावर आलेला काटा काय सांगतो

जुन्या पद्धतीचे वेगमापक पाण्यावर अवलंबून असत. बोटीच्या मागील बाजूस बुडलेल्या पिटो नळीतील पाण्याच्या दाबावरून किंवा तळाखाली फिरणाऱ्या छोट्या चक्रावरून वेग काढला जाई, आणि नळीत शेवाळ अडकले किंवा चक्राला शिंपले धरले की काटा अडत असे. जीपीएस स्पीडोमीटरचा पाण्याशी संबंध येत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संदेश एकाच वेळी मिळाले की त्याला आपले स्थान निश्चित करता येते, आणि बोट व उपग्रह यांच्या सापेक्ष गतीमुळे त्या संदेशांच्या वारंवारतेत जो सूक्ष्म फरक पडतो, म्हणजेच डॉप्लर परिणाम, त्यावरून तो बोटीचा वेग ठरवतो. हे संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर येतात आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत ते इतके क्षीण झालेले असतात, की त्यांची शक्ती एका वॅटच्या सुमारे एक कोटी-अब्जाव्या भागाइतकीच उरते. बोटीवरील एखाद्या साध्या दिव्याच्या आतील परिपथही असा संदेश बुडवून टाकू शकतो, हे यावरून लक्षात यावे.

दोष शोधण्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. मीटर सुरू झाल्यावर त्याला प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती त्याच उपग्रहाकडून घ्यावी लागते. ही माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते आणि साधारणपणे काही तासच वापरण्याजोगी राहते. ज्या मीटरच्या आत ही माहिती जपून ठेवण्यासाठी छोटी बॅटरी असते, तो वीज खंडित होऊन परत आली तरी काही सेकंदांत पुन्हा वेग दाखवू लागतो. ज्यात अशी सोय नसते, त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्यासाठी अर्धे मिनिट ते काही मिनिटे लागतात. याचा अर्थ असा की वीज केवळ अर्ध्या सेकंदापुरती खाली गेली तरी काटा दीड-दोन मिनिटे शून्यावर राहू शकतो, आणि आपण मान खाली घालून तारा तपासायला लागेपर्यंत मूळ कारण कधीच नाहीसे झालेले असते. मल्टिमीटर लावला तर व्होल्टेज उत्तम दिसते, आणि म्हणून वीजपुरवठा ठीक आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. या तक्रारीत बहुतेकांची वाट चुकते ती नेमकी इथे.

त्यामुळे हत्यारे हातात घेण्यापूर्वी काट्याची चाल नीट पाहावी. वीज मिळताच काटा एकदा शून्यापासून टोकापर्यंत फिरवून परत आणण्याची सोय अनेक मीटरांमध्ये असते. आपला मीटर तसे करतो का, हे आधी धक्क्यावरच चावी फिरवून पाहून ठेवावे. चालत्या बोटीत काटा शून्यावर येण्याच्या क्षणी त्याने अशी पूर्ण फेरी मारली, किंवा तबकडीवरील छोटा पडदा क्षणभर विझून पुन्हा उजळला, तर मीटर पुन्हा सुरू झालेला आहे आणि दोष विजेत आहे, असे जवळजवळ खात्रीने समजावे. याउलट काटा काही सेकंद एकाच आकड्यावर गोठून राहिला किंवा थोडा थरथरला आणि मग फेरी न मारता सरळ खाली आला, तर वीज शाबूत आहे, उपग्रहांचे संदेश तुटत आहेत. शून्यावर राहण्याचा काळही घड्याळ लावून मोजावा. पाच-दहा सेकंदांत परत येणारा काटा बहुधा संदेश तुटल्याचे सांगतो, तर मिनिटाहून अधिक वेळ घेणारा काटा मीटर नव्याने सुरू झाल्याचे. शक्य असल्यास एखाद्या सोबत्याने फोन समोर धरून तबकडीचे अखंड चित्रीकरण करावे, कारण सुकाणू हातात असलेल्या माणसाला ती एका सेकंदाची फेरी हमखास दिसत नाही.

माझ्या बोटीवर काय झाले

माझ्या बोटीवरील काटा सुरुवातीला कोणत्याही ठरावीक वेळेशिवाय पडत असे. कधी वीस मिनिटांत दोनदा, कधी दिवसभरात एकदाही नाही. ज्याने बोटीचे विजेचे काम केले होते, त्याने अँटेना खराब असल्याचे सांगितले आणि मी तो बदलून घेतला. फरक काहीच पडला नाही. पुढे एका फेरीचे चित्रीकरण घरी बसून पाहताना लक्षात आले, की प्रत्येक वेळी काटा पडण्याच्या क्षणी मागून एक बारीक घरघर सुरू होत होती. तो बिल्ज पंप होता, म्हणजे तळाशी साचलेले पाणी आपोआप उपसणारा पंप. बोटीने वेग घेतला की नाक वर उचलले जाते, तळातील पाणी मागे जमा होते, तरंगता स्विच वर येतो आणि पंप सुरू होतो. पाणी किती साचले आहे यावर ते अवलंबून असल्यामुळे वेळेचा काही नियम दिसत नव्हता. धक्क्यावर बोट समतल असताना पंप चालतच नसे, म्हणून तिथे सारे काही ठीक असे.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच इंजिन चालू ठेवून मी मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांना थेट स्पीडोमीटरच्या मागील टर्मिनलांवर पकडले आणि सोबत्याला पंपाचा स्विच दाबायला सांगितले. बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते, स्पीडोमीटरवर १२.९ आणि पंप सुरू होताच स्पीडोमीटरवर ९.६. बॅटरीवरचा आकडा मात्र फारसा हलला नाही. पंपाची आणि स्पीडोमीटरची निगेटिव्ह वायर सुकाणूसमोरच्या फलकामागे एकाच लगमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाला लावायच्या धातूच्या कडीत, दाबून बसवलेली होती. तो लग काढून त्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टण सोलले तेव्हा ते एका बाजूने तपकिरी पडून कडक झालेले होते, आणि आतील तांब्याच्या बारीक तारा काळ्या-हिरव्या भुकटीने माखून अशा ठिसूळ झाल्या होत्या की नखाने दाबताच तुटून हातात आल्या. बाहेरून पाहिले असता तो जोड अगदी धडधाकट दिसत होता. पंपाला लागणारा चार-साडेचार अँपिअरचा प्रवाह त्या खराब जोडातून जाताना तीन व्होल्टहून अधिक दाब तिथेच खर्ची पडत होता. पंपाचा आवाज पूर्वीपेक्षा मंद झाला आहे हे मला महिनाभर आधीपासून जाणवत होते, पण मी ते पंपाच्या वयाच्या खात्यात टाकले होते.

जोड नवा केल्यावर तीन आठवडे काटा एकदाही पडला नाही. त्यानंतर एका संध्याकाळी परतताना तो पुन्हा शून्यावर आला, आणि या वेळी त्याने सुरुवातीची फेरी मारली नव्हती. पहिला उपाय चुकला, असे वाटून मी पुन्हा तारा उपसायला घेणार होतो. चित्रीकरण करण्याची सवय लागली नसती, तर हा दोष वेगळा आहे हे मला कळले नसते. वेग दाखवणारा काटा काही सेकंद गोठला आणि मग खाली आला, तोही मागच्या खांबावरचा नवीन एलईडी दिवा लावल्यानंतर. दिवा बंद करताच दहा सेकंदांच्या आत काटा जागेवर आला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. स्पीडोमीटरचा अँटेना त्या दिव्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर होता.

वीजपुरवठा कसा तपासावा

मोजमाप बॅटरीवर करून उपयोग नाही. ते स्पीडोमीटरच्या मागील दोन टर्मिनलांवरच करावे आणि बोटीवरील जड उपकरणे एकेक करून चालू करीत करावे. बिल्ज पंप, हॉर्न, दिवे, नांगर ओढण्याचे विंच, इंजिनाचा कोन बदलणारी मोटर आणि शेवटी इंजिनाचा स्टार्टर, असा क्रम ठेवता येईल. ज्या मल्टिमीटरमध्ये किमान आणि कमाल आकडा धरून ठेवण्याची सोय आहे, तो वापरावा, कारण क्षणभर पडलेला आकडा डोळ्यांना टिपता येत नाही. स्टार्टर फिरत असताना बारा व्होल्टच्या प्रणालीत व्होल्टेज दहाच्या खाली जाणे नवलाचे नाही. त्या वेळी मीटर पुन्हा सुरू झाला तर तो दोष समजू नये. मात्र इंजिन चालू झाल्यानंतर कोणतेही उपकरण लावले तरी स्पीडोमीटरवरील आकडा बॅटरीवरील आकड्याच्या जवळपास राहिला पाहिजे. महत्त्वाच्या परिपथांमध्ये तारांवर खर्ची पडणारा दाब ३ टक्क्यांच्या आत असावा, असा बोटींच्या विद्युत जोडणीचा प्रचलित दंडक आहे, म्हणजे बारा व्होल्टच्या प्रणालीत साधारण ०.३६ व्होल्ट.

आकडा याहून अधिक पडत असल्यास दोष पॉझिटिव्ह बाजूला आहे की निगेटिव्ह, हे वेगळे करणे सोपे आहे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे स्पीडोमीटरच्या निगेटिव्हवर ठेवावे आणि पंप किंवा दिवे चालू करावेत. वायर आणि जोड चांगले असतील तर आकडा शून्याच्या अगदी जवळ राहतो. तो अर्ध्या-एक व्होल्टपर्यंत चढला, तर निगेटिव्हच्या वाटेवर कुठेतरी जोड खराब आहे, आणि मग मधल्या प्रत्येक जोडावर टोक सरकवत गेले की आकडा जिथे उडी मारतो तिथेच दोष सापडतो. पॉझिटिव्हची वाटही अशीच तपासावी. तिथे बहुधा तारेमध्येच बसवलेला फ्यूजचा नळीसारखा होल्डर दोषी निघतो, कारण त्याच्या आतील स्प्रिंगला खारट हवेने गंज चढतो आणि बोट आदळली की संपर्क क्षणभर सुटतो. ओहम मोजून जोड चांगला ठरवण्याचा मोह टाळावा. प्रवाह वाहत नसताना कुजलेला जोडही मल्टिमीटरला उत्तम दिसतो.

दुरुस्ती करताना स्पीडोमीटरची निगेटिव्ह वायर इतर कोणत्याही जड उपकरणाच्या तारेला न जोडता थेट निगेटिव्हच्या मुख्य पट्टीपर्यंत न्यावी. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असावी, कारण साध्या तांब्याच्या तारांमध्ये ओलावा वेष्टणाच्या आतून वीत-दोन वीत वर चढतो आणि हिरवा थर टोकापासून बराच आतपर्यंत पोहोचतो. म्हणूनच जुनी वायर कापताना चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापत जावे. जोड योग्य मापाच्या लगवर योग्य पकडीनेच दाबावा आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. नुसते वेटोळे घालून त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत बोटीवर पूर्णपणे निरुपयोगी ठरते.

फलकामागच्या तारांबाबत आणखी एक चूक वारंवार आढळते. स्पीडोमीटरला मुख्य पुरवठ्याखेरीज तबकडीच्या उजेडासाठी वेगळे टर्मिनल असते आणि ते बोटीच्या दिव्यांच्या स्विचला जोडायचे असते. घाईत या दोन्हींची अदलाबदल झाली, तर मीटर फक्त दिवे लावल्यावरच चालतो आणि दिवसा बंद पडल्यासारखा दिसतो. अनेक बोटींत चावीवरून येणारी वायर जांभळी, उजेडाची निळी आणि निगेटिव्ह काळी किंवा पिवळी असते, परंतु आधी कोणी काय बदल करून ठेवले आहेत याची शाश्वती नसल्यामुळे रंगावर विसंबू नये, प्रत्येक वायर मल्टिमीटरने ओळखावी. फ्यूज किती अँपिअरचा लावायचा, हे मीटरसोबतच्या पत्रकातच पाहावे. जुळेना म्हणून मोठा फ्यूज बसवणे धोक्याचे आहे.

अँटेना आणि त्याचे शेजारी

अँटेनाला वर मोकळे आकाश हवे असते. साधे फायबरग्लास संदेश फारसे अडवत नाही, त्यामुळे अशा छताखाली बसवलेला अँटेना चालू शकतो. परंतु धातूचे पत्रे, ॲल्युमिनियमची चौकट आणि कार्बन फायबर यांच्याखाली तो जवळजवळ आंधळा होतो. ज्या मीटरचा अँटेना तबकडीच्या आतच असतो, त्यांच्याबाबत छताचा विचार मीटर विकत घेण्यापूर्वीच करावा, कारण उभ्या फलकात बसवलेल्या आणि वर धातूचे छत असलेल्या अशा मीटरला आकाशाचा एक तुकडाच दिसतो. बोट सरळ जाताना चारपाच उपग्रह मिळतात, वळली की त्यांतले दोन छताआड जातात आणि काटा पडतो. एखाद्या ठरावीक दिशेला वळतानाच दोष येत असेल तर याचीच शंका घ्यावी. यावर उपाय एकच, तो म्हणजे बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला मीटर.

बाहेरचा अँटेना आडवा, सपाट आणि आकाशाकडे तोंड करून बसवावा. बोटीवरील संपर्कासाठीच्या व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनापासून तो किमान एक मीटर दूर असावा आणि रडारच्या झोताच्या पातळीत कधीही नसावा. खांबाच्या सर्वांत वरच्या टोकाला बसवण्याचीही गरज नाही; तिथे बोटीच्या डोलण्यामुळे अँटेनाच इतका हेलकावे खातो की कमी वेगात काटा उगाच वरखाली होतो.

शेजारच्या उपकरणांमुळे होणारा गोंगाट हा भाग सर्वांत कमी तपासला जातो. २००१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग बंदरात जीपीएस मिळेनासे झाले होते, आणि पुष्कळ शोधाशोध केल्यावर त्याचे मूळ तिथल्या बोटींवरील प्रवर्धक, म्हणजे संदेशाची ताकद वाढवणारा परिपथ, असलेल्या टीव्ही अँटेनांमध्ये सापडले. दूरदर्शनचे कार्यक्रम पकडण्यासाठी बसवलेला तो प्रवर्धक बिघडून स्वतःच जीपीएसच्या वारंवारतेवर प्रक्षेपण करू लागला होता. २०१८ साली अमेरिकी तटरक्षक दलाने एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ आणि जहाजांची स्वयंचलित ओळख प्रणाली यांच्यात अडथळा येत असल्याचा इशारा दिला होता. एलईडीला लागणारा प्रवाह नियंत्रित करणारा परिपथ अतिशय वेगाने चालू-बंद होत असतो, आणि त्याला पुरेसे आवरण नसेल तर त्यातून गोंगाट बाहेर पडतो. हे लक्षात घेता स्वस्तातले फोन चार्जर आणि फलकाखाली लावलेल्या शोभेच्या प्रकाशपट्ट्याही संशयितांच्या यादीत घ्याव्यात.

तपासण्याची रीत सोपी आहे, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. मोकळ्या आकाशाखाली बोट उभी करावी, स्पीडोमीटर सोडून सर्व उपकरणे बंद करावीत आणि मीटरला उपग्रह मिळू द्यावेत. ज्या फोनवर उपग्रहांच्या संदेशाची ताकद आकड्यांत दाखवणारे ॲप आहे, तो फोन अँटेनाला खेटून ठेवावा आणि एकेक उपकरण चालू करीत प्रत्येक वेळी मिनिटभर थांबावे. मोकळ्या जागी चांगल्या उपग्रहांचे आकडे चाळिसाच्या आसपास असतात. माझ्या बोटीवर मागचा दिवा लावताच ते सर्वच्या सर्व एकदम पंचविशीच्या खाली आले. एखाद्या उपग्रहाचा आकडा कमी होणे स्वाभाविक आहे, पण सगळ्यांचे आकडे एकाच क्षणी पडणे हा गोंगाटाचाच पुरावा होय. फोन नसल्यास व्हीएचएफ रेडिओचाही उपयोग होतो. शांत वाहिनी लावून स्क्वेल्च, म्हणजे रेडिओतील खरखर दाबणारे बटण, खरखर जेमतेम थांबेल इतकेच ठेवावे आणि मग दिवा लावावा. खरखर पुन्हा सुरू झाली तर दिवा गोंगाट करीत आहे, आणि तो लावलेला असताना संकटकाळचा संदेश ऐकू न येण्याचाही संभव आहे. असा दिवा नुसता अँटेनापासून दूर करून भागत नाही, तो काढूनच टाकावा. मी दिवा बदलला आणि अँटेनाही तिथून दीड मीटर पुढे नेला. तारेवर फेराइटचे, म्हणजे गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे, कडे चढवल्याने थोडा फरक पडतो, परंतु त्या उपायावर मी पूर्ण भिस्त ठेवणार नाही.

अँटेनाच्या केबलची पाहणी शेवटी करावी, पण टाळू नये. केबल लांब झाली म्हणून ती कापून जोडणे, टोकदार कोपऱ्यावरून वाकवणे किंवा इंजिनाच्या तारांच्या जुडग्यात बांधणे, या तिन्ही गोष्टी करू नयेत. उरलेल्या लांबीचे सैल, मोठे वेटोळे करून ते मोकळ्या जागी ठेवावे. कनेक्टर उघडल्यावर मधल्या सुईवर हिरवा ठिपका किंवा आत पाण्याचा थेंब दिसला तर ती केबल बदलावी, कारण केबलमधील तारांच्या वेणीत शिरलेले पाणी वाळवून निघत नाही. या अँटेनांना बहुधा त्याच केबलमधून ३ ते ५ व्होल्ट वीज पुरवली जाते. अँटेना सोडवून मीटरच्या बाजूच्या कनेक्टरवर हा दाब मोजावा. तो अजिबात मिळत नसेल तर दोष मीटरच्या आतच आहे, आणि अशा वेळी मात्र तो दुरुस्तीला देणे किंवा बदलणेच योग्य.

बोटीवरील उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या एनएमईए २००० या जाळ्यावरून माहिती घेणाऱ्या मीटरमध्ये अँटेना स्वतंत्र नसतो, त्यामुळे तिथे जाळे तपासावे लागते. मुख्य केबलच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. वीज बंद करून दोन संदेशवाहक तारांमधील रोध मोजला तर तो ६० ओहमच्या आसपास भरला पाहिजे. १२० आला तर एक रोधक निसटलेला आहे, आणि ४० आला तर कोणीतरी तिसरा बसवून ठेवला आहे.

ज्याला दोष म्हणता येणार नाही

उभ्या बोटीत काटा अर्धा-एक नॉट दाखवीत असेल तर तो बिघाड नव्हे. दोरखंडाला झोके घेणारी बोट खरोखर हलत असते आणि त्यात मोजमापाचा थोडा फरक मिसळतो. वेग एकदम वाढवल्यावर काटा सेकंद-दोन सेकंद मागे राहत असेल तर तोही बिघाड नव्हे, कारण काटा थरथरू नये म्हणून मीटर शेवटच्या काही मोजमापांची सरासरी दाखवतो. प्रवाहात चालणाऱ्या बोटीत जीपीएसचा आकडा आणि पाण्यातील चक्राचा आकडा कधीच जुळणार नाहीत. जीपीएस जमिनीच्या सापेक्ष वेग सांगतो. पाण्यातून १८ नॉटने जाणाऱ्या बोटीला समोरून दोन नॉटचा प्रवाह असेल तर काटा १६ दाखवील, आणि दोन्ही यंत्रे बरोबरच असतील. एककांची सेटिंगही पाहून घ्यावी. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, त्यामुळे २० नॉट आणि ताशी ३७ किलोमीटर हा एकच वेग आहे.

वीस वर्षांच्या आसपासचा जुना मीटर वेग बरोबर पण तारीख भलतीच दाखवत असेल, तर त्याचे कारण वेगळे आहे. जीपीएसच्या संदेशात आठवड्यांची गणना १०२३ पर्यंतच जाते आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले असून पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. ज्या मीटरच्या आतील प्रणालीत याची तरतूद नाही, त्याला तारीख कळत नाही, पण वेगाच्या कामात त्याने फारशी अडचण येत नाही.

मीटर परत बसवताना

फलकाला भोक पाडण्यापूर्वी मीटरच्या मागच्या भागाचा व्यास स्वतः मोजावा, फलकामागे तेवढी खोली आणि कनेक्टर वळवण्याइतकी जागा आहे का हे हाताने चाचपून पाहावे, आणि लोहचुंबकीय होकायंत्र जवळ असेल तर मीटर जागेवर धरून व चालू करून होकायंत्राची सुई सरकत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. मागची पकड हातानेच घट्ट करावी. अवजाराने आवळल्यास कडेची रबरी चकती एका बाजूला दबते, पाणी आत झिरपते आणि काही महिन्यांनी काचेच्या आतून वाफ धरू लागते. प्रत्येक वायर मीटरला येण्यापूर्वी किंचित खाली झोळ देऊन वर वळवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी टर्मिनलावर न येता तिथूनच ठिबकते.

काम झाल्यावर एक तासाची फेरी मारावी आणि तीत दोष घडवून आणण्याचा मनापासून प्रयत्न करावा. पंप, दिवे, रेडिओ, फोनचा चार्जर, सगळे एकाच वेळी चालू ठेवावे, दोन्ही दिशांना पूर्ण वळणे घ्यावीत, लाटांवर बोट थोडी आदळू द्यावी आणि अंधार पडल्यानंतरही अर्धा तास चालवावी. काटा फोनवरील जीपीएसच्या वेगाशी सरळ मार्गावर एका नॉटच्या आत जुळत राहिला आणि मल्टिमीटरने धरून ठेवलेला किमान आकडा बाराच्या खाली गेला नाही, तर काम झाले असे समजावे. हे आकडे आणि तारीख एका कागदावर लिहून मी तो फ्यूजच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला आहे, म्हणजे पुढच्या हंगामात पंप चालू असतानाचा आकडा १२.८ वरून १२.१ वर आलेला दिसला, तर काटा पडायची वाट न पाहता तो जोड उघडून पाहता येईल.